कंपनीच्या डब्यातला बुश

"हे बघ ताई, ओरिजिनल!" असं म्हणत माझ्या सख्ख्या भावानं, महिपतीनं, निळा-पांढरा डबा माझ्याच कट्ट्यावर ठेवला आणि वर माझ्याकडेच पाणी मागितलं.

मी पाणी दिलं. डब्यावर मोटार कंपनीचं नाव होतं, आणि उन्हात धरला की सात रंग दाखवणारा तो चकचकीत शिक्का. आत बुश होते. बुश म्हणजे मोटारीच्या पुढच्या चाकांजवळ बसवायचा भाग. आत एक लोखंडी नळी, बाहेर एक लोखंडी नळी, आणि दोन्हींच्या मध्ये रबर. खड्ड्यांचा मार तो खातो आणि आपल्या कमरेपर्यंत पोहोचू देत नाही. मला हे तोंडपाठ आहे, कारण माझा नवरा असलेच बुश करायचा. कोल्हापुरात, उद्यमनगरात आमची शेड होती. तिथं झालेला माल पोत्यांतून मंगळवार पेठेतल्या घरी यायचा आणि मी बसून तो डब्यांत भरायची. डबेही आमचे नव्हते. पुण्याच्या एका व्यापाऱ्याचे लाल डबे, त्यावर त्याचंच नाव.

"घरात पोत्यानं बुश पडलेत, आणि तू शोरूमात गेलास?"

"तसं न्हाई ताई. मेकॅनिक म्हणाला, लोकल टाकलास तर पावसाळ्याच्या आत परत खडखडणार. आणि आत्ता दारात तुझ्या जाऊबाई भेटल्या. त्याबी म्हणाल्या, बरं केलंस, ओरिजिनल ते ओरिजिनल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भावानं गडहिंग्लजहून येऊन माझ्या दारात बसून, माझ्याच जावेचं कौतुक मला ऐकवावं!

ही जाऊ म्हणजे शशिकला. मी तिला अक्का म्हणायची. माझे थोरले दीर, विश्वनाथदादा, यांची बायको. घर एकच होतं, मधे भिंत घालून दोन केलेलं, अंगण सामाईक. शेडीही शेजारी शेजारी, मधे एक दार. पण दादांचा माल मोटार कंपनीला जायचा आणि आमचा बाजारात. दादा बोलण्यात पटाईत. पुण्याला गेले, साहेबांना भेटले, कंपनीचं काम घेऊन आले आणि शेडवर इंग्रजी पाटी लावली, 'शशिकला ऑटो कंपोनंट्स'. बायकोचं नाव हातभर अक्षरात!

तिनं फ्रिज घेतला, मी जळले नाही. तिनं पाटल्या केल्या, तेव्हाही फारशी नाही. पण तो एक शब्द तिच्या तोंडून आला की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. हळदीकुंकवाला पेठेतल्या चार बायका जमल्या की ही अत्तर लावता लावता म्हणायची, "आमचा माल ओरिजिनल बाई, कंपनीत जातोय. इंदूकडचा काय, डुप्लिकेट. गरिबाच्या गाडीला तेवढाच आधार." बायका हसायच्या. मीही हसायची, आणि घरी येऊन भांडी आपटायची. शब्दावरून कुणी जळतं का? मी जळत होते, चांगली धूर निघेपर्यंत.

"बघू तरी तुझा ओरिजिनल," म्हणत मी डब्यातला बुश हातात घेतला. म्हटलं, बघावं काय सोनं लागलंय ते.

साच्यातून बुश निघतो तेव्हा त्याच्या कडेला रबराचा पातळ पापुद्रा राहतो. तो पात्यानं गोल फिरवून कापावा लागतो. कापणं जिथं संपतं तिथं एक बारीक तिरकी शेपटी उरते. कामगार उजव्या हाताचा असला की ती एका बाजूला झुकते. माझा नवरा डावखुरा. त्यांची शेपटी नेमकी उलटी झुकते. माझ्या हाताखालून असे किती बुश गेले असतील त्याला गणती नाही. रांगोळीवरून बाई ओळखावी तसे मी ते ओळखते.

कंपनीच्या त्या डब्यातल्या बुशाची शेपटी उलटी होती. मी दुसरा काढला. तोही तसाच. तिसरा, चौथा, सगळे तसेच.

तेवढ्यात हे जेवायला आले. महिपतीनं "दाजी, या" म्हणून डबा पुढे केला. ह्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बुशाकडे, आणि न बोलता हातपाय धुवायला मोरीत गेले. जेवताना मान वर केली नाही. आमटी वाढली तर आमटी, भात वाढला तर भात. भावापुढे मीही काही विचारलं नाही. आपली लाज माहेरच्या माणसापुढे कशाला काढायची?

महिपती गेला तशी मी दार लोटलं.

"कुणाच्या हातचं काम हाय ते?"

"कसलं?"

"त्या डब्यातलं. अहो, तुमचा डावा हात मला कळत न्हाई व्हय?"

हे पाटावर तसेच बसून राहिले. माझा नवरा, दिनकर मिठारी, खोटं बोलू शकत नाही. गप्प बसू शकतो, आणि ते त्याहून वाईट.

"दादाच्या हातनं रबर लोखंडाला धरंना," शेवटी ते म्हणाले. "दाबून बघितलं की सुटायचं. मग मी करून दिलं."

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं."

"पहिल्या म्हंजे?"

"पुण्याला नमुना दाखवायला न्हेला होता न्हवं, त्योबी माझाच."

मी खालीच बसले. मग ह्यांनी सगळं सांगितलं. साचा ह्यांनी स्वतः केलेला. त्यात रबरावर नाव उमटवणारी पोलादी पट्टी बसते, बोटाएवढी, दोन स्क्रूवर. सकाळी कंपनीची पट्टी घालायची, तो माल मधल्या दारानं दादांच्या शेडात जाणार. दुपारनंतर पट्टी काढायची आणि पुण्याच्या व्यापाऱ्याची घालायची, तो माल पोत्यातून माझ्याकडे येणार. रबर तेच, लोखंड तेच, साचा दाबणारा प्रेस तोच.

"म्हंजे महिपतीनं तिप्पट पैसं मोजून..."

"माझाच बुश नेला," ते म्हणाले, आणि त्यांना जरा हसू आलं.

मलाही आलं. मग रडू आलं, आणि मग असा संताप आला की ताट उचलून मोरीत टाकलं.

"मला का न्हाई सांगितलं?"

"माल दुसऱ्या शेडात होतोय हे कंपनीला कळलं तर काम जाईल. दोन्ही घरच्या चुली त्याच्यावर हायत. आणि दादा म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, इंदूच्या तोंडाला कुलूप न्हाई."

हे तर सगळ्यात झोंबलं. पण पुढचं अजून यायचंच होतं. बुधवारी कंपनीचा साहेब येणार होता. कंपनी नवी मोटार काढत होती. तिचं काम दादांना द्यायचं का नाही, ते तो शेड पाहून, समोर माल करून घेऊन ठरवणार होता. ते मिळालं तर दोन्ही घरांचं भलं. हुकलं, तर हातचंही जायची भीती. म्हणून साचा दादांच्या शेडात नेऊन त्यांच्या प्रेसवर हे उभे राहणार होते.

"भाऊ म्हणून?"

"ऑपरेटर म्हणून. दादानं निळा शर्ट शिवून घेतलाय."

"आणि तुम्ही तो घालणार?"

"घालतो की. शर्टानं काय हुतंय?"

"ज्याच्या हाती ससा तो पारधी, असंच ना?"

"अगं, ससा चुलीवर चढतोय न्हवं? मग पारधी कुणी का असंना!" असं म्हणून ते शेडवर निघून गेले.

माणूस इतका गरीब असू नये. बायकोला फार त्रास होतो.

आता तुम्हाला वाटेल, माझं जळणं तिथंच संपलं असेल. ज्याच्यावर इतकी वर्षं जळत होते ते माझ्याच घरातलं निघालं, मग जळायचं कशावर? पण ते संपलं नाही, वाढलं. आधी वाटायचं, तिचं आहे आणि माझं नाही. आता वाटायला लागलं, लुगडं माझं आणि ही नेसून गावभर मिरवतेय. अंगणात ती दिसली की माझे हात शिवशिवायचे.

मंगळवारी तीच दारात आली. "इंदू, उद्या शेडात येतीस काय गं? साहेबाला हाटेलातलं नको. मी पोहे करतो, तू चहाचं बघ."

"येते की," मी म्हटलं. माझं ठरलंच होतं. साहेबाच्या तोंडावर सांगायचं. काम गेलं तर गेलं. दोन भाकऱ्या कमी खाऊ, पण माझा नवरा सख्ख्या भावाच्या दारात गडी म्हणून उभा राहणार नाही.

बुधवारी शेड झाडून, चुना मारून लख्ख केली होती. मागे एक लहानशी खोली होती, तिथं गॅसची शेगडी मांडली. दारातून प्रेस दिसायचा. हे प्रेसपाशी उभे होते, निळ्या शर्टात. शर्ट गळ्याशी घट्ट होत होता. आणि खिशावर पिवळ्या दोऱ्यानं भरलेलं नाव, 'शशिकला'. माझा नवरा, आणि छातीवर तिचं नाव! माझ्या हातातलं आलं किसणीवरून घसरलं आणि बोट सोललं.

साहेब पुण्याचे, करंदीकर म्हणून. उंच, किडकिडीत, कमी बोलणारे. दादा त्यांच्या पुढे-मागे करत होते, हे दाखव, ते दाखव. साहेब मात्र प्रेसपाशी येऊन थांबले ते हललेच नाहीत. ह्यांनी साचा उघडला, नळ्या ठेवल्या, रबर ठेवलं, साचा मिटला. थोड्या वेळानं बुश बाहेर आला. ह्यांनी तो कापला. साहेबांनी कापडात धरून पाहिला, फिरवून पाहिला.

"तुमचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "दिनू. आमचा जुना ऑपरेटर आहे, सर."

दिनू! सासूबाईसुद्धा ह्यांना दिनकर म्हणायच्या.

"किती वर्षं आहात इथं?" साहेबांनी पुन्हा ह्यांनाच विचारलं.

"लई झाली, साहेब," हे म्हणाले आणि मान खाली घालून पुढच्या नळ्या ठेवू लागले.

चहा उकळत होता. मी गॅस बंद केला, हात पुसले, पदर खोचला आणि दाराकडे निघाले. मागून अक्कानं माझं मनगट धरलं.

"कुठं निघालीस?"

"साहेबाला चहा द्यायला."

"चहा तर हितंच हाय," ती म्हणाली.

खरंच होतं. माझे दोन्ही हात रिकामे होते.

"तुला कळलंय," ती म्हणाली.

"व्हय, कळलंय."

"आणि आता सांगणार तू."

"सांगणार. सोडा हात."

मला वाटलं, आता ही रडेल, पाया पडेल, देवाची शपथ घालेल. खरं तर मी त्याचीच वाट बघत होते. तिनं हात सोडला.

"सांग," ती म्हणाली. "पर आधी माझं ऐकून जा. ही पाटी लागली त्या दिवशी मी पेठेत साखर वाटली. आणि त्याच दिवशी मधल्या दारातनं भावजी माल घेऊन येताना बघितले. तवाच समजलं, पाटी माझी आणि माल तुझ्या घरचा. तवापासनं एक घास गोड लागला न्हाई मला."

"म्हणून मला डुप्लिकेट म्हणत होता?"

"मग काय करू? तुझ्याकडं करणारा माणूस हाय, माझ्याकडं बोलणारा. दिवस मावळला की भावजी तुझ्या शेजारी बसून एकेक बुश तुझ्या हातात देतात, तू डब्यात भरतीस. मी खिडकीतनं बघतो. आमचे हे आरशापुढं उभं राहून, साहेबाला काय बोलायचं त्याची तालीम करतात." तिचे डोळे कोरडेच होते. "डुप्लिकेट कोण, हे तुझ्याआधी मला ठावं होतं, इंदू. म्हणून तर मोठ्यांदा बोलायचो."

आता खोटं कशाला सांगू? मला तिची कीव आली नाही. उन्हातून येऊन गार पाणी प्यावं तसं मला बरं वाटलं. ही माझ्यावर जळत होती! फ्रिजवाली, पाटल्यावाली, पाटीवाली, खिडकीत उभी राहून माझ्यावर जळत होती, आणि मला वेडीला पत्ताच नव्हता. हळदीकुंकवाचा एकेक टोमणा आठवून मी मनात आता त्याची गोडी चाखत होते. तिथंच उभी, भिंतीला टेकून.

तेवढ्यात तिनं चहा गाळला. कप भरले, ट्रेमध्ये मांडले, पदर डोक्यावर घेतला आणि बाहेर गेली. मला वाटलं, मी पोहोचायच्या आत साहेबाशी गोड बोलून वेळ मारून न्यायला निघाली. मीही मागोमाग दारात गेले.

साहेब हात पुढे करणार, तोच ती त्यांच्या बाजूनं पुढे गेली. दादांच्याही पुढून गेली. ती थेट प्रेसपाशी जाऊन थांबली.

"घ्या, भावजी," ती म्हणाली. "आधी तुम्ही घ्या. सकाळपासनं उभं हाय तुम्ही."

साहेबांच्या आधी ऑपरेटरला चहा, तोही मालकिणीच्या हातून. ह्यांना कप घ्यावा की न घ्यावा समजेना. रबर लागलेला हात त्यांनी शर्टाला पुसला, पुन्हा पुसला.

"भावजी?" साहेब दादांकडे वळले. "हे तुमचे बंधू आहेत?"

आयुष्यात पहिल्यांदा दादांना शब्द सुचत नव्हता. उत्तर तिनंच दिलं. "माझे धाकटे दीर, साहेब. दिनकर मिठारी. पहिल्यापासनं सगळा माल हेच करतात. शेजारची शेड त्यांची हाय. आमचे हे नुसता पुण्याला पोचवतात."

"शशे!" दादा ओरडले.

"खोटं हाय का?" तिनं विचारलं आणि साहेबांपुढे ट्रे धरला.

साहेबांनी कप घेतला. उभ्या उभ्याच चहा संपवला. मग म्हणाले, "चला, शेजारची शेड दाखवा."

ते, दादा आणि हे मधल्या दारानं पलीकडे गेले. आम्ही दोघी पोह्यांकडे बघत बसलो. परत आल्यावर साहेब दादांना एवढंच म्हणाले, "हे आधीच सांगायचं, मिठारी. तुम्हाला वाटतं कंपनीला नाव मोठं लागतं. आम्हाला पत्ता लागतो, माल जिथं होतो तो पत्ता. आता काय होईल ते मी सांगू शकत नाही." पोहे तसेच राहिले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सकाळचा प्रेस बंदच होता. दादा बायकोशी बोलत नव्हते आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. हे पोत्यावर बसून राहायचे. शेवटी पुण्याहून बोलावणं आलं, पण दोघा भावांना. साहेबांनी आमच्या शेडची रीतसर पाहणी करवून घेतली आणि नव्या मोटारीचं काम दोघांच्या नावावर दिलं. आमच्या शेडवरही पाटी लागली. तिच्यावर माझं नाव नाही. ह्यांनी वडिलांचं लावलं.

आता हे थकलेत. शेड पुतणे बघतात. दुपारी कुणी पाहुणे आले की हे चष्मा पुसत ती गोष्ट सांगतात. कंपनीचा एवढा मोठा साहेब समोर उभा, आणि वहिनीनं पहिला कप मला दिला. सगळ्यांसमोर माझं नाव सांगितलं. सांगताना अजून ह्यांचा आवाज भरून येतो. ह्यांच्यासाठी रडले मी, भांडले मी, ताट आपटलं मी. पण ह्यांचा आवाज माझ्या नावानं कधी भरून आलेला मी ऐकला नाही. अक्काही पुष्कळदा तिथंच बसलेली असते. ती पदराशी चाळा करत गालात हसते.

"तसला चहा पुन्हा मिळाला न्हाई बघा जन्मात," हे पाहुण्यांना म्हणतात.

त्या चहात आलं मी किसलं होतं. साखर मी घातली, दूध मी उकळलं, गॅसपाशी मी उभी होते. आणि हे ह्यांनी अजून एकाही पाहुण्याला सांगितलेलं नाही.